अक्षराचा आकार की अक्षराचा संकेत? – अंधांची वाचनसाधने व अभियांत्रिकीचे विद्यार्थी

१

लिपी ही डोळ्यांसाठी असते, असे आपण इतके गृहीत धरून चालतो की, हे विधान तपासून पाहण्याची गरजही सहसा कोणास वाटत नाही. भाषा कानांची आणि लिपी डोळ्यांची, ही विभागणी भाषाशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांतूनही आढळते. परंतु अंध माणसाच्या हाती पुस्तक देण्याचा प्रश्न उभा राहिला की, हे गृहीत डळमळू लागते. लिपीतील आवश्यक भाग कोणता? अक्षराचा आकार, की त्या आकाराने सुचविलेला भेद? आकार आवश्यक असेल तर तोच उठावाने बोटाखाली आणला पाहिजे. भेद आवश्यक असेल तर बोटाला सोयीची कोणतीही निराळी चिन्हे चालतील.

गेल्या दोन शतकांतील अंधांच्या वाचनसाधनांचा इतिहास म्हणजे या दोन उत्तरांमधील दीर्घ वाद होय. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात हा वाद अमेरिकेतील दोन विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत नव्याने मांडला गेला, आणि तो मांडणाऱ्यांत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता. त्या प्रयत्नांचा, तसेच आपल्याकडील एका अलीकडील प्रयत्नाचा, भाषाभ्यासकाच्या दृष्टीने परामर्श घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात व्हॅलांतँ आयुई यांनी पॅरिस येथे अंध मुलांची शाळा काढली. तेथील पुस्तके रोमन अक्षरे जाड कागदावर उठावाने छापून तयार केलेली असत. डोळस शिक्षकाला जे अक्षर दिसते तेच मुलाच्या बोटाखाली यावे, ही त्यामागील कल्पना. ती उदार होती, परंतु बोटाला ती मानवली नाही. रोमन अक्षरांतील वळणे डोळ्याला क्षणात उमगतात. बोटाला मात्र प्रत्येक अक्षराची कड चाचपीत जावे लागते. शिवाय ही अक्षरे वाचता आली तरी मुलाला स्वहस्ते लिहिता येत नसत.

१८२१ मध्ये शार्ल बार्बिये यांची टिंबांची लिपी या शाळेत आली. तिच्यात एका घरात बारापर्यंत टिंबे असत आणि चिन्हे अक्षरांची नसून ध्वनींची होती. शाळेतील लुई ब्रेल या विद्यार्थ्याने (१८०९–१८५२) तिच्यातील टिंबाचे तत्त्व उचलले आणि बाकीचे टाकून दिले. बारा टिंबे एका बोटाच्या अग्राखाली मावत नाहीत. म्हणून त्याने घर सहा टिंबांचे केले. ध्वनिलिपीत शुद्धलेखन हरवते. म्हणून त्याने चिन्हे अक्षरांना दिली. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, त्याची योजना बहुतांशी सिद्ध झाली होती. १८२९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तरीही त्याच शाळेने तिचा अधिकृत स्वीकार केला तो १८५४ मध्ये, म्हणजे ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. आयुई आणि बार्बिये हे दोघेही डोळस होते आणि दोघांच्याही हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु साधन सिद्ध झाले ते वापरणाऱ्याच्या हातून. दुसरे असे की, हे साधन विद्यार्थ्याने घडविले. शिकणारा आणि वापरणारा येथे एकच होता. पुढील काळात या दोन भूमिका दोन निराळ्या माणसांकडे गेल्या, आणि त्यांच्यातील अंतर कसे भरून काढावे हा प्रश्न शिल्लक राहिला.

३

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत यंत्र-अभियांत्रिकीचे प्राध्यापक असलेले रॉबर्ट मान (१९२४–२००६) हे प्रारंभी क्षेपणास्त्रांच्या अंतर्गत शक्तियंत्रणेवर काम करीत. १९६० च्या सुमारास जॉन ड्युप्रेस यांच्याशी त्यांचा संबंध आला. ड्युप्रेस यांची दृष्टी दुसऱ्या महायुद्धात गेली होती, व अंधांसाठी काम करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेत ते तांत्रिक संशोधनाची बाजू पाहात असत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना रचनेचा अभ्यास म्हणून काल्पनिक कोडी घालण्याऐवजी अंधांच्या प्रत्यक्ष गरजा त्यांच्यापुढे ठेवाव्यात, अशी त्यांची सूचना होती. मान यांनी ती उचलली. तेव्हापासून पदवीच्या व पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थ्यांच्या प्रबंधांना घडीची काठी, ब्रेल उमटविणारी यंत्रे असे विषय मिळू लागले. १९६४ मध्ये या कामासाठी संस्थेत स्वतंत्र केंद्र स्थापन झाले, व त्याचे संचालकपद ड्युप्रेस यांच्याकडे आले. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

या केंद्राने जो मार्ग पत्करला तो संकेताचा, म्हणजे ब्रेलचा होता. ब्रेल पुस्तकांची खरी अडचण लिपीत नव्हती, ती उत्पादनात होती. एकेक पान तज्ज्ञ माणसाने हाताने लिप्यंतरित करावयाचे, व त्यास इतका वेळ लागावयाचा की, विद्यार्थ्याची परीक्षा होऊन गेल्यावर त्याचे पाठ्यपुस्तक तयार व्हावे. यावर उपाय म्हणून विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून वाढत गेलेले एक यंत्र 'ब्रेलएम्बॉस' या नावाने पुढे आले. संगणकाकडून आलेल्या संदेशानुसार कागदावर टिंबे उठविणे हे त्याचे कार्य. त्याच्या जोडीला साधा इंग्रजी मजकूर ब्रेलमध्ये बदलून देणारी 'डॉटसिस' ही संगणकीय आज्ञावली रचली गेली; तिची तिसरी आवृत्ती १९७० मध्ये सिद्ध झाली.

भाषाभ्यासकाला या कामातील जो भाग विशेष उद्बोधक वाटेल तो यंत्राचा नव्हे, आज्ञावलीचा आहे. इंग्रजी ब्रेलच्या दुसऱ्या श्रेणीत जागा वाचविण्यासाठी त्या काळी १८९ संक्षेप होते. 'टी' व 'एच' ही अक्षरे लागोपाठ आली की त्यांच्यासाठी एकच चिन्ह वापरावयाचे, असा एक नियम. परंतु 'हॉटहाउस' या शब्दात ही दोन अक्षरे शेजारी असूनही ती दोन वेगळ्या पदांची आहेत. तेथे संक्षेप चालत नाही. 'मिसहॅप' या शब्दातील 'एस' व 'एच' यांचीही तीच गोष्ट. म्हणजे संक्षेप करावयाचा की नाही हे अक्षरांच्या क्रमावरून ठरत नाही, पदांच्या घटनेवरून ठरते. माणूस हा निर्णय नकळत घेतो; यंत्राला मात्र अपवादांची यादी पुरवावी लागते. अंधांसाठी पुस्तके लवकर व्हावीत एवढ्याच हेतूने निघालेल्या अभियंत्यांना अशा रीतीने पदविचाराच्या दारात यावे लागले.

४

याच सुमारास पश्चिम किनाऱ्यावरील स्टॅनफर्ड विद्यापीठात नेमका उलट मार्ग चोखाळला जात होता. तेथील विद्युत्-अभियांत्रिकीचे प्राध्यापक जॉन लिन्विल (१९१९–२०११) यांची कन्या कँडी लहानपणीच दृष्टिहीन झाली होती, व तिची पुस्तके ब्रेलमध्ये उतरवून देण्यात तिच्या आईचा बराच वेळ जात असे. १९६२ मध्ये लिन्विल यांनी जर्मनीतील एका प्रयोगशाळेत एक वेगवान मुद्रणयंत्र पाहिले. बारीक हातोड्यांच्या आघातांनी ते अक्षरे उमटवीत होते. त्या हातोड्यांवर बोट ठेवले तर कागदाऐवजी बोटावरच अक्षर उमटेल, हा विचार त्यांच्या मनात आला. या विचारातून 'ऑप्टॅकॉन' हे यंत्र जन्मास आले.

त्याची रचना अशी : वाचकाने उजव्या हाताने एक लहान कॅमेरा छापील ओळीवरून सरकवावयाचा. त्यातील प्रकाशसंवेदक कागदाचा काळा-पांढरा भाग टिपतात. डाव्या हाताची तर्जनी यंत्रातील खाचेत ठेवावयाची; तिच्याखाली चोवीस ओळी व सहा स्तंभ यांत मांडलेल्या १४४ सूक्ष्म टाचण्या असतात. जेथे काळे असेल तेथील टाचण्या विद्युत्-दाबाने वाकणाऱ्या स्फटिकपट्ट्यांच्या योगे सेकंदाला सुमारे २३० वेळा कंप पावतात. अशा रीतीने कागदावरील अक्षर आपल्या मूळ आकारात बोटाखालून सरकत जाते.

हे सांगावयास सोपे, करावयास अवघड होते. बोटाचे टोक कंपनांतून किती बारीक भेद ओळखू शकते याचा अभ्यास आधी व्हावयास हवा होता. तो स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील जेम्स ब्लिस यांनी केला. यंत्र हातात धरून नेता यावे इतके लहान करावयाचे तर त्यासाठी खास इंटिग्रेटेड सर्किटे घडवावी लागणार होती, आणि ती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतच तयार झाली. विद्यावाचस्पती पदवीसाठी काम करणाऱ्या विद्यार्थ्यांचे परिश्रम त्यांत होते. स्टॅनफर्डमधील या विद्येची प्रयोगशाळा नावारूपास येण्यात या एका कामाचा हातभार लागला. अपंगांसाठी केलेले संशोधन म्हणजे मुख्य विद्येच्या कडेला केलेले दानधर्माचे काम, अशी जी समजूत सर्वत्र आढळते तिला हे उत्तर आहे.

१९६९ पर्यंत हाती घेऊन वापरण्याजोगा नमुना तयार झाला. १९७० मध्ये लिन्विल व ब्लिस यांनी 'टेलिसेन्सरी' ही कंपनी स्थापिली. १९७१ पासून यंत्र विक्रीस आले. प्रत्येक टप्प्यावर त्याची परीक्षा कँडी करीत असे. यंत्र पक्के झाले तेव्हा मिनिटाला सत्तर-ऐंशी शब्दांपर्यंत ती वाचू शके. सामान्य वाचकांची गती बहुधा याच्या निम्म्याच्या आसपास राही, व तीही बऱ्याच शिक्षणानंतर.

५

वरवर पाहता ऑप्टॅकॉन हे आयुईकडे परत जाणे होते. उठावाची रोमन अक्षरे बोटाला जड जातात हे दीडशे वर्षांपूर्वी सिद्ध झाले असता पुन्हा तोच मार्ग का धरावा? उत्तर असे की, आयुईची पुस्तके अंधांसाठी मुद्दाम छापावी लागत. ऑप्टॅकॉन मात्र जगात छापली जाणारी कोणतीही वस्तू वाचीत असे. आलेले पत्र, औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी, बँकेचा हिशेब, शब्दकोश यांसाठी कोणाच्या लिप्यंतराची वाट पाहावी लागत नसे. वेग कमी, परंतु परावलंबन नाही, असा हा सौदा होता. ज्यांनी तो पत्करला त्यांनी वेगापेक्षा स्वातंत्र्याला अधिक मोल दिले.

आकाराच्या मार्गाचा आणखी एक गुण असा की, त्याला भाषा ठाऊक असण्याची गरज नसते. यंत्र फक्त काळे व पांढरे जाणते. इटली, जपान अशा देशांत ते गेले ते याच बळावर. परंतु लिपी ठाऊक नसली तरी लिपीच्या घडणीपासून यंत्राची सुटका होत नाही. हे यंत्र देवनागरीवरून फिरविले आहे अशी कल्पना करावी. शिरोरेषा अखंड असल्याने वरच्या बाजूच्या टाचण्या शब्दभर कंप पावत राहतील व बोटाला त्यांतून काहीच कळणार नाही. रोमनमध्ये दोन अक्षरांच्या मधली मोकळी जागा बोटाला विसावा देते. देवनागरीत तो विसावा शब्दाच्या शेवटीच मिळणार. वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार वर, उकार व ऋकार खाली, आणि जोडाक्षरांची मांडणी मध्ये, असा तीन मजल्यांचा पसारा त्याच चोवीस ओळींत बसवावयाचा म्हणजे अक्षराच्या मुख्य देहाला जागा कमीच उरणार.

याउलट भारती ब्रेलची रचना पाहावी. १९५१ मध्ये, युनेस्कोच्या पुढाकाराने ब्रेलच्या एकरूपतेचे प्रयत्न चालू असताना, भारतीय भाषांसाठी ही समान योजना स्वीकारण्यात आली. तिच्यात देवनागरीच्या आकाराचा मागमूस नाही. 'क' या ध्वनीचे चिन्ह मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा सर्व भाषांत एकच. छापील 'कि' मध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते. ब्रेलमध्ये स्वर उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतरच येतो. स्वराचे चिन्हही एकच. स्वतंत्र स्वर आणि त्याची मात्रा असा दुहेरी साज नाही. जोडाक्षरात व्यंजनांची मोडतोड न करता हलन्ताचे टिंब आधी देऊन मग दोन्ही व्यंजने सबंध लिहावयाची. 'क्ष' व 'ज्ञ' यांना मात्र परंपरेने स्वतंत्र चिन्हे मिळाली आहेत. आपल्या वर्णमालेची शास्त्रीय मांडणी देवनागरीच्या दृश्य रूपात जितकी झाकली जाते तितकी ती या सहा टिंबांत झाकली जात नाही, असे म्हणण्यास हरकत नसावी.

६

ऑप्टॅकॉनचा शेवट मात्र या तात्त्विक वादाने झाला नाही. १९७६ मध्ये रे कुर्झवाइल यांनी छापील मजकूर ओळखून तो मोठ्याने वाचून दाखविणारे यंत्र लोकांपुढे आणले. प्रथम ते अवजड व अतिशय महाग होते. परंतु संगणक स्वस्त होत गेले तसतशी वाचिक साधने घरोघर पोहोचली. स्वतः टेलिसेन्सरीनेच पुढे 'व्हर्साब्रेल' हे, स्फटिकपट्ट्यांवर उठणाऱ्या ब्रेल टिंबांचे यंत्र काढले. म्हणजे आकाराचा पुरस्कार करणाऱ्या कंपनीलाही संकेताकडे वळावे लागले. १९९६ मध्ये ऑप्टॅकॉनचे उत्पादन थांबले आणि २००५ मध्ये कंपनीही बंद पडली. ज्यांनी दीर्घ परिश्रमाने हे वाचन आत्मसात केले होते त्यांना जुनी यंत्रे मोडून त्यांचे सुटे भाग जपून ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. डोळस माणसाची लिपी कोणत्याही कंपनीच्या दिवाळखोरीने नाहीशी होत नाही; या वाचकांची झाली.

वाचिक यंत्राने प्रश्न सुटला असे मानणेही बरोबर नाही. कान हे अर्थाचे साधन आहे, लेखनाचे नव्हे. 'शिर' म्हणजे मस्तक आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी, 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' हे भेद आपल्या नित्याच्या उच्चारात फारसे उरलेले नाहीत. ते लेखनात आहेत. ज्या मुलाने भाषा केवळ ऐकली त्याला ते कळणार कोठून? ब्रेलने बार्बियेची ध्वनिलिपी नाकारली ती याच कारणासाठी. त्याला ऐकलेल्या भाषेची नोंद नको होती. साक्षरता हवी होती. आज अंध मुलाला केवळ ध्वनिमुद्रिते व बोलणारी यंत्रे देऊन ब्रेलकडे दुर्लक्ष करणे म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने दुरुस्त केलेली चूक पुन्हा करणे होय.

७

आपल्या देशातील अलीकडील एका उदाहरणाने हा विचार पुरा करता येईल. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २००५ मध्ये प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली पदवीच्या विद्यार्थ्यांनी एक प्रकल्प हाती घेतला. अंधांची पांढरी काठी जमिनीवरील खड्डे व पायऱ्या उत्तम दाखविते. परंतु गुडघ्याच्या वर असलेले अडथळे तिला कळत नाहीत. उघडी राहिलेली खिडकी, झाडाची लोंबती फांदी, उभ्या मालमोटारीचा मागील भाग यांचा आघात थेट छातीवर वा तोंडावर होतो. विद्यार्थ्यांनी काठीच्या मुठीत श्रवणातीत ध्वनिलहरी सोडणारा संवेदक बसविला. तीन मीटरपर्यंतचा अडथळा तो ओळखतो व अंतरानुसार मुठीचे कंपन बदलतो. दिल्लीच्या 'सक्षम' या संस्थेतील दृष्टिहीन कार्यकर्त्यांचा या कामात सहभाग होता, व उत्पादनाची बाजू चेन्नईच्या एका वैद्यकीय उपकरणे करणाऱ्या उद्योगाने उचलली. 'स्मार्टकेन' या नावाने ही काठी २०१४ मध्ये सुमारे तीन हजार रुपये किमतीस उपलब्ध झाली. त्याच प्रयोगशाळेतून २०१९ मध्ये 'डॉटबुक' हे उठत्या-बसत्या टिंबांचे ब्रेल वाचनयंत्र पुढे आले.

यांतील दोन सालांकडे लक्ष द्यावे : २००५ आणि २०१४. विद्यार्थ्याचा प्रकल्प एका वर्षात संपतो. गुण मिळतात, पदवी मिळते, तुकडी पांगते. वापरणाऱ्याच्या हाती वस्तू पडावयास मात्र नऊ वर्षे लागली. प्रयोगशाळेत चालणारा नमुना आणि पावसाळ्यात, रहदारीत, वर्षानुवर्षे चालणारी काठी यांमधील हे अंतर आहे, आणि ते कोणत्याही एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातील नाही. ते भरून काढावयाचे तर मार्गदर्शक टिकून राहावा लागतो, संस्थेला स्मरण असावे लागते, व वापरणाऱ्यांचे मंडळ प्रारंभापासून कामात असावे लागते. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून अशा साधनांचे नमुने पदवी परीक्षेसाठी होत असतात. त्यांपैकी जे कपाटात राहतात ते बुद्धीच्या अभावी राहत नाहीत, या तीन गोष्टींच्या अभावी राहतात.

८

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळावयाचे. आकार की संकेत, याचे एकच उत्तर इतिहास देत नाही. आकाराने जगातील सर्व छापील मजकूर खुला केला, परंतु बोटाला शिणविले. संकेताने बोटाला वेग दिला, परंतु लिप्यंतराची वाट पाहावयास लावले. वाणीने दोन्हींपेक्षा सुलभ मार्ग दिला, परंतु अक्षर हिरावून घेतले. प्रत्येक वेळी निवाडा केला तो वापरणाऱ्याने : पॅरिसच्या शाळेतील मुलाने, ड्युप्रेस यांनी, लिन्विल यांच्या कन्येने, दिल्लीतील काठी वापरणाऱ्यांनी. जेथे हा निवाडा आधी मागितला गेला तेथे काम पुढे गेले.

भाषाभ्यासकांच्या दृष्टीने यातून एक कर्तव्य निष्पन्न होते. मराठी मजकुराचे ब्रेलमध्ये बिनचूक लिप्यंतर, मराठी बोलून दाखविणाऱ्या यंत्राचे उच्चार, छापील देवनागरी ओळखणाऱ्या यंत्राचे शब्दभांडार ही कामे अभियंत्यांची म्हणून आपण सोडून देतो. वस्तुतः 'च' चा उच्चार 'चहा'त कोणता आणि 'चमचा'त कोणता, कोणत्या शब्दातील अन्त्य 'अ' उच्चारावयाचा आणि कोणत्या शब्दातील नाही, हे यंत्राला सांगणे व्याकरणकाराचे काम आहे. 'हॉटहाउस' या एका शब्दाने अमेरिकन अभियंत्यांना जे शिकविले, ते आपल्या विद्यार्थ्यांना शिकविण्यास मराठीत असे शब्द हजारोंनी आहेत. अभियांत्रिकीचा विद्यार्थी, भाषेचा विद्यार्थी आणि अंध वाचक यांना एका मेजाभोवती बसविण्याइतके तरी आपल्या विद्यापीठांना करता यावे.